कार्बन डेटिंगनं "सिद्ध झालं" म्हणजे नक्की काय झालं?

आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या रेडिओकार्बन (म्हणजे कार्बन डेटिंगच्या) लॅबपैकी एक मुंबईत होती, टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेमध्ये, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. मुंबईत जन्म गेलेल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, डी. पी. अग्रवाल ही त्या कामातली माणसं. आपल्याकडच्या उत्खननातले कोळशाचे तुकडे आधी पार अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाला पाठवायला लागायचे, ते इथे मोजायला सुरुवात झाली, आणि १९६४ साली अग्रवालांनी 'सायन्स' जर्नलमध्ये लिहिलं की हडप्पा संस्कृतीचा काळ साधारण इसपू २३०० ते १७५० धरायला हवा. तोवर पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरसाहेबांचा इसपू २५०० ते १५०० हा अंदाज चालत होता. नंतर ते काम अहमदाबादला पीआरएल म्हणजे भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेलं.

आणि आज त्याच मुंबईत रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फोटो येतो, पितळेची नाहीतर दगडाची मूर्ती, खाली लिहिलेलं असतं "कार्बन डेटिंगनुसार २८,००० वर्षं जुनी", आणि शिकलेली माणसं, इंजिनीअर, डॉक्टर, हात जोडलेले इमोजी टाकून पुढे पाठवतात. श्रद्धेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण विज्ञानाचं नाव घेताय तर ते विज्ञान नक्की काय मोजतं हे तरी बघा ना.

ते मोजतं एखादा जीव मेल्याला किती काळ झाला ते. बस, तेवढंच. वरच्या हवेत कॉस्मिक म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ हा हळूहळू फुटत जाणारा कार्बन तयार होतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो झाडं घेतात, झाडं गुरं खातात, दोन्ही आपण खातो, त्यामुळे जिवंत असेपर्यंत प्रत्येकाच्या अंगात हवेतल्याइतकंच प्रमाण राहतं, साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. जीव गेला की नवीन येणं बंद आणि असलेला विरत जातो, ५७३० वर्षांत निम्मा, पुढच्या ५७३० वर्षांत त्याच्या निम्मा. शिकागोच्या विलार्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली आणि १९६० साली त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

म्हणजे कोळसा चालेल, जळलेलं धान्य, लाकूड, कापड, कागद, हाडातलं कोलॅजन नावाचं प्रथिन, शिंपला, हे सगळं चालेल. दगड नाही, पितळ नाही, सोनं नाही. आपल्या कान्हेरीची लेणी घ्या, घारापुरी घ्या, तो खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यावर छिन्नी कधी चालली हे कार्बन सांगूच शकत नाही. कान्हेरीला शिलालेख आहेत, त्यांची लिपी आणि सातवाहन राजाचं नाव आहे, घारापुरीला कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची नाणी सापडली, तिथले काळ असे लागतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र छताला जुन्या लाकडी फासळ्या अजून आहेत, तिथे मोजण्यासारखं काहीतरी आहे.

आता लाकूड आहे म्हणजे झालंच असंही नाही. ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटला जा, पाडलेल्या चाळींचं जुनं बर्मा टीक घेऊन त्याची टेबलं बनवतात. ते टेबल लॅबला दिलं तर लॅब त्या झाडाचं वय सांगेल, आणि तेही तुकडा झाडाच्या गाभ्यातला असेल तर झाड तोडायच्या शंभर-दोनशे वर्षं आधीचं, कारण खोडाचा आतला भाग हवेतून कार्बन घेणं कधीच थांबवून बसलेला असतो. सुतारानं टेबल कधी ठोकलं हे त्यात कुठेच नाही. म्हणून उत्खननातली जाणती माणसं मोठ्या खांबापेक्षा जळलेल्या दाण्याला जास्त भाव देतात, दाणा एकाच हंगामाचा असतो. इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं वर्षानुवर्षं खोदकाम केलं, तिथे जळकं धान्य मिळालं, आणि असा दाणा कुठल्या थरात, कुठल्या चुलीपाशी मिळाला याची नोंद नसेल तर तारखेला काही अर्थ उरत नाही. फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं.

आमचे एक काका मला म्हणाले, "घरात शिवकालीन तलवार आहे, दोन-चार कागद पण आहेत, कार्बन डेटिंग करून घेऊया का?" मी म्हटलं, काका, नका करू. तलवारीच्या पोलादात कार्बन असतो हे खरं, पण त्यासाठी पातं कापावं लागेल. आणि कागदाचं वेगळंच दुखणं आहे, साधारण १६५० ते १९५० या काळात हवेतलं कार्बन-१४ असं खालीवर होत राहिलं की १६८०चा कागद आणि १८००चा कागद बऱ्याचदा एकाच उत्तरात येतात. म्हणजे आपल्या मराठी माणसाला ज्या काळाचं सगळ्यात जास्त प्रेम, शिवाजी महाराजांपासून पेशवाईपर्यंत, नेमका तिथेच हा उपाय लंगडा पडतो. तिथे मोडी वाचणारा माणूस, शिक्का, कागदाची घडण, शाई हेच कामाला येतं.

याच खालीवर होण्यामुळे मोजलेला आकडा सरळ वर्ष म्हणून वापरता येत नाही, झाडांच्या वर्षवलयांशी ताडून दुरुस्त करावा लागतो. अग्रवालांचे आकडे त्या काळी अशा दुरुस्तीशिवायचे होते, नंतर दुरुस्ती झाली आणि आज हडप्पाच्या भरभराटीचा काळ साधारण इसपू २६०० ते १९०० धरतात. तरी त्यांचं काम फुकट गेलं नाही बरं का! मोजमाप जपून ठेवलेलं होतं म्हणूनच दुरुस्त करता आलं, आणि मला तर हाच या शास्त्राचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. इसपू ८०० ते ४०० हा तुकडाही असाच अवघड, तिथे या दुरुस्तीचा आलेख जवळजवळ सपाट आहे, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांना एकच आकडा येतो, म्हणून त्या काळातली कुणी नेमकी एकच तारीख छातीठोकपणे सांगितली तर मी आधी विचारतो, मागेपुढे किती?

समुद्राचं पाणी आणखी घोळ घालतं. समुद्रातला कार्बन जुना असतो, त्यामुळे शिंपल्याचं वय साधारण ४०० वर्षांनी जास्त येतं, आणि आयुष्यभर मासे खाल्लेल्या माणसाच्या हाडाचंही थोडं जास्त येऊ शकतं, कोकणपट्टीत कुणी हाडं मोजली तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

या पद्धतीची वरची हद्द साधारण ५०,००० वर्षं. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला साधारण साडेतेरा अणू फुटतात, ५०,००० वर्षांनी तेच अर्ध्या तासाला एक. आता अॅक्सिलरेटर, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देणारं यंत्र, वापरून फुटण्याची वाट न बघता अणूच मोजतात, काही मिलिग्रॅम पुरतं, दिल्ली-अहमदाबादला अशी मशीन्स आहेत, पण हद्द फारशी पुढे जात नाही, कारण लाखो वर्षं जुन्या कोळशात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तरी उत्तर ३७,००० वर्षं येतं. "डायनासोरच्या हाडात कार्बन-१४ सापडला" वाल्या पोस्टचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

खोटेपणा पकडायला मात्र ही पद्धत फार भारी आहे. १९५०च्या दशकापासून अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केलं, १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेलं. त्यामुळे नव्या कागदावर लिहिलेली "५०० वर्षं जुनी" पोथी असेल तर ती लगेच उघडी पडते. हस्तिदंताचा चोरटा व्यापार पकडायलाही हेच वापरतात.

माझं म्हणणं एवढंच की म्युझियममधल्या पाटीवर आणि पेपरमधल्या बातमीत तारखेसोबत चार गोष्टी छापा: नमुना कशाचा, कुठल्या थरातला, लॅब नंबर काय, मागेपुढे किती. टीआयएफआरच्या नमुन्यांना टीएफ अक्षरांनी सुरू होणारे नंबर असायचे, आजही कुणी त्या यादीत जाऊन बघू शकतं. एवढं छापायला एक ओळ पुरते. आणि कुणाच्या घरी जुनी पोथी असेल आणि कुणी म्हणालं की कोपरा कापून द्या टेस्टला पाठवतो, तर कृपया देऊ नका, मोजायला तो तुकडा जाळावाच लागतो, परत मिळत नाही. आधी मोडी किंवा हस्तलिखितांच्या जाणकाराला दाखवा, फोटो काढून ठेवा, बाकीचं नंतर बघू.