चार तासांच्या झोपेनं चरबी उतरत नाही

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. सांगणं असं: झोपेत शरीर काही जाळत नाही, उलट चरबी साठते. म्हणून चार-पाच तासच झोपा, पहाटे चारला उठून व्यायाम करा, वजन झपाट्यानं उतरेल. भूक लागली तर मन घट्ट करा. राहिलेली झोप रविवारी काढा. शेवटी ‘लवकर उठे त्याला आरोग्य लाभे’. म्हणीतलं ‘लवकर निजे’ तेवढं गाळलंय.

मी व्यायाम शिकवतो. हा सल्ला मनावर घेतलेली माणसं रोज समोर येतात, म्हणून एकेक दावा तपासतो.

झोपेत काही जळत नाही? हृदय, मेंदू, यकृत रात्रीही कामावरच असतात. मध्यम बांध्याचा माणूस झोपेतही तासाला साधारण ५०-६० कॅलरी खर्च करतो. जागं राहिलं की थोड्या जास्त जळतात, हे खरं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१३च्या प्रयोगात लोकांना पाच रात्री पाच-पाच तासच झोपू दिलं, तेव्हा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. पण खाणं त्याहून जास्त वाढलं, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरचं, आणि तेवढ्यात वजन सरासरी पाऊण किलोच्या वर चढलं. आपल्या घरी काय वेगळं होतं? रात्रीचे साडेअकरा, हातात मोबाइल, शेजारी चिवड्याचा डबा. त्या वेळी उठून काकडी कोण चिरतं?

दुसरा दावा, झोप कमी केली की वजन उतरतं. यावर जरा थांबायला हवं, कारण काटा या दाव्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकतो. शिकागो विद्यापीठाचा २०१०चा प्रयोग पाहा. वजन जास्त असलेल्या १० जणांना मोजून, कमी कॅलरीचा सारखाच आहार दिला. चौदा दिवस साडेआठ तास अंथरुणात, आणि वेगळ्या फेरीत चौदा दिवस साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन जवळपास ३ किलो उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीची घट स्नायू आणि शरीरातल्या इतर चरबीविरहित भागाची. म्हणजे उपाशी राहायचं आणि गमवायचं तेच, जे कमवायला आपण घाम गाळतो!

माझ्याकडे पहाटे येणारा एक तरुण रात्री एकपर्यंत अमेरिकेतल्या टीमशी कॉलवर असायचा. काटा उतरतोय म्हणून खूश होता. पण कमरेचा पट्टा त्याच भोकावर, आणि आधी सहज उचलायचा तो बार तिसऱ्या खेपेलाच पाठ वाकवून उचलायला लागला. मी वजनं काढायला लावली आणि व्यायाम संध्याकाळी घ्यायला सांगितलं.

मन घट्ट करण्याच्या सल्ल्याचा मला सगळ्यात राग येतो, कारण त्यात दोष माणसाच्या माथी मारला जातो. शिकागोच्याच २००४च्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपायला दिले. दहा तासांच्या रात्रींशी तुलना केली, तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) १८ टक्क्यांनी कमी, भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी जास्त. ओढही गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडे. अशा वेळी मन कितीसं पुरणार? २०२२मध्ये उलटा प्रयोग झाला. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी काहींना फक्त झोप वाढवायला मदत केली, आहाराबद्दल चकार शब्द नाही. झोप तासाभराहून अधिक वाढली आणि इतरांच्या तुलनेत त्यांचं खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं. साधारण एका वडापावाएवढं.

रविवारची भरपाईही पुरत नाही. २०१९च्या प्रयोगात आठवडाभर कमी झोपून आठवडाअखेर मनसोक्त झोपलेल्यांचंही वजन वाढलं आणि रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद मंदावला. आणि ‘अमुक मोठा माणूस चार तासच झोपतो’? जन्मतःच कमी झोप पुरणारी माणसं असतात, पण फार विरळा. बाकी प्रौढांना किमान सात तास लागतात.

झोपून कुणी बारीक होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. ताटावर लक्ष नसेल तर आठ तास झोपूनही पोट तिथंच राहील. पण पाचला व्यायाम करायचा तर साडेनऊला दिवा मालवा. ते जमत नसेल तर संध्याकाळी करा. रात्र अपुरी गेली तर त्या दिवशी जड वजनं नकोत, अर्धा तास चाला. घरात बारापर्यंत ओटा आवरून पाचला डबे करणारी बाई असेल, तर तिला व्यायामाचे व्हिडिओ पाठवण्याआधी भांडी तुम्ही घासा. आणि जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असं काही असेल, तर डॉक्टरांकडून स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. तिथं नुसते तास वाढवून भागत नाही.