तो काही करत नाही

रविवारी सकाळी सगळं खटलं घेऊन पार्कात जायचंय ना? बायको, पोरं, आजी आणि ब्रूनो, चिंगी ही दोन कुत्री? उत्तम. मग निघायच्या आधी एक वाक्य पाठ करा. पट्टा विसरला तरी चालेल, पण हे वाक्य विसरलात तर परत घरी या: "तो काही करत नाही." कधी म्हणायचं तेही सांगतो, उगाच घाई नको. कुत्रा समोरच्या काकूंच्या खांद्यावर दोन्ही पंजे ठेवून उभा राहिला की मग म्हणायचं, त्याच्या आधी नाही, आणि ते पण वीस-पंचवीस पावलांवरून, मोबाईलमधून मान वर न काढता. जवळ जाऊन म्हटलं तर कुत्र्याला मागे ओढावं लागतं, कोण करणार तो व्याप.

काकू ओरडल्या तर चूक त्यांची. "तुम्ही घाबरता ना, ते त्याला कळतं" असं समजावून सांगा. पळाल्या तर अजूनच चूक, "पळू नका हो, पळालात की त्याला खेळ वाटतो!" म्हणजे उभं राहिलं तरी तो अंगावर येणार आणि पळालं तरी येणार, पण सकाळी फिरायला बाहेर पडायचं तर माणसाला एवढा अभ्यास हवाच.

सामान घेताना बॅडमिंटनच्या रॅकेट, बॉल, चटई, आजीची शाल, पोरांचे जादा कपडे सगळं आठवणीने घ्या. शी उचलायच्या पिशव्या तेवढ्या दाराच्या मागे हुकाला राहू द्या, तिथे त्या छान दिसतात. बॉल लालच घ्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, लाल आणि हिरव्यात त्याचा गोंधळ होतो, त्यामुळे हिरवळीवरचा लाल बॉल त्याला दिसत नाही, मग तो दुसऱ्यांच्या पोरांचा पिवळा बॉल पळवून आणतो आणि तुम्ही म्हणता, बघा किती हुशार आहे.

पट्टा न्यायचाच असेल तर तो डबीतून सरसर लांब होणारा घ्या, पाच मीटरवाला, आठवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. बटण कधी दाबायचं नाही. कुत्रा एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला आणि मधल्या रस्त्यावर ती बारीक दोरी, जॉगिंगवाल्यांना दिसत पण नाही. उघड्या पोटरीवरून दोरी सर्रकन गेली की भाजल्यासारखा वळ उठतो, तेवढंच त्यांना घरी जाऊन सांगायला काहीतरी. आणि डबी धाकट्या पोराच्या हातात द्या. पोरगं अठरा किलोचं, ब्रूनो तीसचा. कोण कोणाला फिरवतोय हे खारुताई दिसेपर्यंत कोणालाच कळत नाही.

आजीला बाकावर बसवा आणि चिंगीला त्याच बाकाच्या पायाला बांधा. आता आजीला उठता येत नाही आणि चिंगीला गप्प बसता येत नाही, दोघी एकमेकींना सांभाळतात, तुम्ही मोकळे.

मग फोटो. कोणाचं तरी तीन वर्षांचं पोरगं "भूभू" करत येणारच, त्याला ब्रूनोच्या गळ्यात हात टाकायला सांगा, तोंडाला तोंड लावून, कारण त्या उंचीला पोराचा गाल आणि कुत्र्याचा जबडा अगदी एका रेषेत येतात, फ्रेम मस्त बसते. ब्रूनो जांभई देईल, ओठ चाटेल, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवेल. ज्यांना कुत्र्यातलं कळतं ते म्हणतात हा बिचारा अवघडलाय, सोडा त्याला. तुम्ही म्हणा, झोप झाली नाही त्याची. गुरगुरला तर डोक्यात एक टपली द्या, म्हणजे पुढच्या वेळी आधी गुरगुरून सांगायची वाईट सवय जाईल, थेट कामाला लागेल. आणि शेपटी हलतेय ना, मग झालं तर! ताठ उभी धरून हलवतोय की सैल सोडून, हे बघायला वेळ कोणाला आहे. इटलीतल्या काही संशोधकांनी तर २००७ मध्ये मोजून दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. लोकांना कामं नसतात हो.

आता मुख्य विषय. कुत्रा गोल गोल फिरायला लागला की तुम्ही लगेच आकाशाकडे बघा. पक्षी बघा. ढग बघा. कोणी टोकलंच तर "खत होतं त्याचं" हे दुसरं वाक्य तयार ठेवा. होत नाही ते, गवत पिवळं पडतं, पण ठामपणे म्हटलं की चालून जातं. त्यात जंतांची अंडी असू शकतात, ती ताजी असताना बिचारी काही करत नाहीत. हो, ती पण काही करत नाहीत! मातीत दोन-तीन आठवडे मुरली की मगच अंगाला लागायच्या लायकीची होतात, तोपर्यंत शी पावसाने दिसेनाशी झालेली असते आणि त्याच जागी कोणाचं तरी पोरगं मातीचा किल्ला करत असतं. अंडी तिथे वर्षानुवर्षं टिकतात, तुमच्या पार्काच्या पासपेक्षा जास्त. अगदीच कोणी रोखून बघत असेल तर पिशवीत भरा, छान गाठ मारा आणि ती पिशवी झाडाच्या फांदीला लटकवून या. हे मला आजवर कळलेलं नाही, अवघड काम झालंय की सगळं, मग फांदी का? पण रीत आहे, पाळा.

दात लागलाच कोणाला तर "खरचटलंय नुसतं" म्हणा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, असलं काही सुचवू नका, वातावरण बिघडतं. लसीचं कार्ड मागितलं तर रागवा.

हे सगळं मी अनुभवाने सांगतोय. मागच्या रविवारी ब्रूनोने तिसऱ्या बाकाच्या मागे कार्यक्रम उरकला तेव्हा मी ढगच बघत होतो, छान होते. या रविवारी तो एका काकांच्या मागे सुटला, मी "काही करत नाही, काही करत नाही" ओरडत त्याच्या मागे, आणि त्याच बाकाच्या मागे माझा पाय सर्रकन गेला. नवे बूट, तळाला खोल खोल खाचा. बायकोने दारातच थांबवलं, मग मी पायरीवर बसून जुन्या टूथब्रशने एकेक खाच कोरत होतो. आपल्या नाकात वास ओळखणारे रिसेप्टर ५०-६० लाख, कुत्र्याच्या २० कोटींच्या वर, म्हणजे मला नुसती घाण वाटत होती, त्याला नाव-गाव-पत्ता सगळं कळत असणार. ब्रूनो आला, बुटाला नाक लावून मिनिटभर उभा राहिला, मग माझ्याकडे बघितलं आणि शेपटी हलवली. उजवीकडेच जात होती, मी नीट बघितलं.