फुटपाथवरची शेगडी आणि सहा कलमी भीती

मामाने तो संदेश घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा टाकला, तेव्हा उत्तर द्यायचं ठरवलं. पहिल्या दोन वेळा गप्प बसलो, कारण मामा वयाने मोठा आणि महिन्यातले दोन रविवार त्याच्याकडेच जेवायला असतो. तुमच्याकडेही तो आला असेलच. 'रस्त्यावरचे कबाब-तंदुरी खाणाऱ्यांनो, सावधान' अशी सुरुवात, मध्ये लाल दिवे, मग सहा कलमं. एक, कोळशावर काळं पडलेलं मांस म्हणजे कॅन्सर. एक प्लेट कबाब म्हणजे वीस सिगारेटी. दोन, इतका मसाला शिळं मांस झाकायलाच लावतात. तीन, लाल रंग विषारी असतो. चार, आतून गुलाबी रस निघाला तर ते रक्त. पाच, उघड्यावर रांधलेलं घाणच, त्यापेक्षा बंद एसी हॉटेलात खा. सहा, भाजलेलं मांस हे आपलं अन्नच नव्हे, बाहेरून आलेलं खूळ आहे. आणि तळटीप: खायचंच असेल तर वरून लिंबू पिळा, जंतू मरतात.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. कुर्ल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी सातला एक लांबट लोखंडी शेगडी मांडली जाते. चार प्लास्टिकची टेबलं, रस्त्याच्या उताराबरोबर कलंडलेली, पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या. चाचा पुठ्ठ्यानेच वारा घालतात, त्यांचा पुतण्या ओल्या हाताने शिगेवर खिमा थापतो, बोटांचे वळ उठवत. गेली अनेक वर्षं मी तिथे दोन शीग, एक तंगडी आणि चार पाव खातो. म्हणजे मी काही तटस्थ पंच नाही. पण मामाच्या संदेशात एक गोची आहे, ती माझी बाजू न घेताही दिसते: त्याने ज्या आगीची भीती घातली आहे, ती आग या सगळ्या जेवणातली सर्वांत भरवशाची गोष्ट आहे.

सिगारेटींपासून सुरू करू. या आकड्याला बुडखा नाही, पण त्यामागे एक खरी गोष्ट मोडून-तोडून बसवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था, आयएआरसी, हिने ऑक्टोबर २०१५मध्ये मांसाबद्दल आपला निर्णय जाहीर केला. खारवलेलं, धुरी दिलेलं, टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज-सलामी वगैरे, पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. इथून कुणीतरी उडी मारली: एकाच गटात म्हणजे सारखंच घातक! पण हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती पक्का ते सांगतात. पहिल्या गटात दारू आहे, सुपारी आहे आणि चक्क सूर्यप्रकाशही आहे. म्हणून सकाळी बाल्कनीत बसून पेपर वाचणं आणि बिड्या ओढणं एकच ठरत नाही. शिवाय शिगेवरचा ताजा खिमा या प्रक्रिया केलेल्या मांसात येतच नाही. बकऱ्याचं, म्हशीचं मांस 'बहुधा कर्करोग घडवणाऱ्या' म्हणजे २ए गटात आहे. कोंबडी त्या यादीत नाही.

आता काळेपणाबद्दल. त्यात तथ्य आहे, ते लपवणार नाही. मांस प्रखर आचेवर भाजलं की त्यात एचसीए नावाची संयुगं तयार होतात, आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो त्यातून पीएएच नावाची दुसरी मंडळी मांसावर येऊन बसतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत दोघांनीही कर्करोग घडवलेला आहे. पण किती तयार होतात हे आचेवर, वेळेवर आणि काय चोपडलंय यावर ठरतं. मसाला, दही, आंबट लावून मुरवलेल्या मांसात एचसीए कमी होतात, आणि सारखं उलटत राहिलं तरी कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. चाचा शीग सारखी फिरवत असतात. संशोधन वाचून नव्हे, चरबी पेटली की त्यांचा खिमा जळतो आणि गिऱ्हाईक बोंबलतं म्हणून. कडेला कोळसा झालेला भाग असेल तर तो काढून टाका. भरताच्या वांग्याची काळी साल आपण काढतोच की. रोज रात्री कबाब खाणाऱ्याने विचार करावा, पंधरा दिवसांनी खाणाऱ्याला सिगारेटींचा हिशेब सांगणं मात्र निव्वळ भंपकपणा.

मसाल्याचा मुद्दा मला नेहमी गमतीचा वाटतो. सडलेल्या मांसाचा वास आलं-लसणाने झाकला जातो असं ज्याला वाटतं, त्याने एकदा बिघडलेलं मांस हुंगून पाहावं. मसाल्याचं काम वेगळं आहे. कच्च्या पपईतलं पपेन मांसाचे तंतू सोडवतं, दही तेच काम हलक्या हाताने करतं, मीठ आत मुरतं आणि ओलावा धरून ठेवतं. मात्र मसाल्याऐवजी मामाने खिम्यावरच बोट ठेवलं असतं, तर मी गप्प बसलो असतो. तुकडा दिसतो, खिमा दिसत नाही. त्यात काय आणि कधीचं गेलं हे खाणाऱ्याला कळायला मार्ग नाही. चाचांकडे खिमा संध्याकाळी येतो आणि रात्री अकराला परात रिकामी होते. जिथे परात रिकामी होत नाही, तिथे मी बसत नाही.

रंगाच्या बाबतीत मामा बरोबर आहे. शंभर टक्के. जून २०२४मध्ये कर्नाटक सरकारने शाकाहारी, चिकन आणि फिश कबाबांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत सनसेट यलो आणि कार्मोझिन सापडले होते. काश्मिरी मिरचीचा लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि बोटं धुतली की जातो. ट्रॅफिकच्या दिव्यासारखी चमकणारी नारिंगी तंगडी मिरचीने होत नाही. फक्त एक विचारतो: हा दोष शेगडीचा कसा? तोच रंग एसी हॉटेलातल्या तंदुरीतही असतो, आणि तिथे तर दिवे मंद असल्याने दिसतही नाही.

गुलाबी रस म्हणजे रक्त, हे चुकीचं. जनावर कापल्यावर रक्त निथळून जातं. मांसाला लाली येते ती मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे, जे स्नायूतच असतं. इतकं सांगून इंटरनेटवरचे खवय्ये पुढे म्हणतात, 'म्हणून गुलाबी चालतं.' आपल्या शेगडीवर ते चालत नाही. अखंड तुकड्यात जंतू सहसा वरच्या पृष्ठभागावर असतात, तिथे आच लागते आणि प्रश्न मिटतो. खिमा केला की वरचं सगळं आत कालवलं जातं. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंश आणि कोंबडी ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेलीच पाहिजे. बरं, रंगावरून तेही नक्की कळत नाही. नीट शिजलेली कोंबडी हाडाजवळ लालसर दिसू शकते. शिगेवरचा खिमा जेमतेम बोटभर जाडीचा असतो आणि निखारा लाल दिसायला लागतो तोच सव्वापाचशे अंशांच्या आसपास. अशा ठिकाणी कच्चं राहण्याची शक्यता कमी. हाडाची तंगडी मात्र फोडून बघा. कच्ची निघाली तर 'चाचा, इसको और थोडा' म्हणायला लाजू नका, कुणी रागावत नाही.

पाचव्या कलमावर मला जास्त बोलायचंय, कारण खरी भीती जिथे हवी होती ती जागा मामाच्या संदेशाने मोकळी सोडली आहे.

मे २०२४मध्ये मानखुर्दकडे रस्त्यावरचा चिकन शोर्मा खाऊन एकोणीस वर्षांचा मुलगा दगावला. त्याआधी मे २०२२मध्ये केरळात कासारगोडला शोर्म्यातूनच सोळा वर्षांची मुलगी गेली; तिथे शिगेला हा जंतू सापडला होता. (नाव शिगेला, पण आपल्या शिगेशी त्याचा संबंध नाही. कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडलं आहे.) असं काही घडलं की 'रस्त्यावरचं ग्रिल' म्हणून सगळं एका पोत्यात भरलं जातं. पण शोर्म्याचा उभा गठ्ठा आणि आडवी शीग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गठ्ठा बाहेरून भाजला जातो, आत तासन् तास कोमट राहतो. गर्दी वाढली की कारागीर घाईने खोल कापतो, गर्दी नसली की आच बारीक करतो. दोन्हीकडून पंचाईत. त्यावर मेयोनीज. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३मध्ये आणि तेलंगणाने ऑक्टोबर २०२४मध्ये बंदी आणली, ती उगाच नव्हे.

पाच ते साठ अंश, हा जंतूंचा आवडता पट्टा. मुंबईची मे महिन्यातली रात्र बरोबर त्यात बसते. म्हणजे चाचांच्या ठेल्यावर भीती बाळगायची तर ती टेबलावरच्या स्टीलच्या डब्यातल्या हिरव्या चटणीची, जी सातला आली आणि अकरापर्यंत तशीच उघडी आहे, ज्यात पाणी कुठलं हे आपण विचारलेलं नाही. भीती कापलेल्या कांद्याची. कच्च्या खिम्याला लागलेल्या हाताने पाव उचलला जातो का, त्याची. आणि दुपारीच अर्धी भाजून ठेवलेल्या तंदुरीची, कारण ऑर्डर आल्यावर पूर्ण कोंबडी भाजायला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला धीर नसतो. अर्धी भाजून बर्फात ठेवली तर ठीक, परातीत कापडाखाली ठेवली तर नाही. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू एकदा का त्यात वाढून बसला, की पुन्हा भाजून जंतू मरतो, त्याने सोडलेलं विष मात्र मरत नाही. आग तिथे हात टेकते.

आता यातलं काय एसी हॉटेलात आपल्याला दिसतं? तिथे स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच असते, आणि तिच्यावर पडदा. चाचांकडे मी स्टुलावर बसून पुतण्याचे हात बघतो. मागच्या पावसाळ्यात त्याने कच्च्यासाठी एक आणि भाजलेल्यासाठी एक असे दोन चिमटे केले, तेही टेबलावरच्या एका बाईंनी दोन वेळा टोकल्यावर. हॉटेलात टोकणार कुणाला, वेटरला? उघड्यावर धूळ असते, गटारही लांब नसतं, हे खरंच. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला आहे का तेही बघावं. पण भिंत उभी केली म्हणून आतलं स्वच्छ होत नाही.

सहावं कलम घाईत उरकतो. शूलावर म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतात 'शूल्य' म्हणतात, आणि हा शब्द कसा तयार होतो याचं सूत्र खुद्द पाणिनीने दिलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता, त्याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात निखाऱ्यावर भाजायच्या मांसाच्या कृती आहेत. कबाब हा शब्द बाहेरचा, मान्य. पण थंडीत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि कोंबडी मडक्यात भरून पोपटी लावणाऱ्या रायगडातल्या माणसाला, किंवा चुलीत सुका बोंबील भाजणाऱ्या माझ्या आजीला, भाजकं खाणं कुणी आयात करून दिलं नव्हतं. मामाही तो बोंबील खाऊनच मोठा झाला.

लिंबाचं काय? चव येते. पिळल्यापासून तोंडात जाईपर्यंतच्या पाच सेकंदांत जंतूंचं काही वाकडं होत नाही.

आणि मामाच्या सहा कलमांत जो माणूस कुठेच नाही, तो शेगडीमागे उभा असतो. मला धूर पंधरा दिवसांतून अर्धा तास लागतो, चाचांना रोज चार-पाच तास. वर पहिल्या मजल्यावर खिडकी असलेल्यांनाही. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. मग महापालिकेने कोळशाची तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना, ढाब्यांना नोटिसा धाडल्या. तेव्हा 'कोळसा गेला की चव गेली' अशी ओरड झाली. तीही अर्धवटच. नीट पेटून राख धरलेल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतो. तो खमंग वास चरबी तापलेल्या पृष्ठभागावर पडून जळते त्याचा, आणि ती तापलेल्या लोखंडावर पडली तरी जळते. चाचांनी एकदा गॅसच्या बर्नरवर जाळी आणि दगडी चिपा टाकून करून पाहिलं. मी खाल्लं. खिम्यात मला फरक कळला नाही, पावात कळला, कारण पाव ते निखाऱ्याच्या कडेला शेकतात.

मामाला हे सगळं लिहून पाठवलं. 'लांबलंय, रविवारी ये, बोलू,' असं उत्तर आलं. रविवारी जाताना दोन शीग पार्सल नेणार आहे, गरम असतानाच. चटणी नेणार नाही.