गोणपाट

आज मॉन्ट्रियलमधील एका स्नेह्यांकडे जेवताना कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या आक्वेसास्नेतील मोहॉक या मूलनिवासी लोकांच्या मुलांचा विषय निघाला आणि एक काका श्रीखंडाची वाटी पुढे ओढत म्हणाले, "वयात आलेल्या पोरांना रानात उपाशी बसवायचे, ही कसली संस्कृती? शरीराबद्दल सांगायचे तर शाळेत डॉक्टर बोलवावा." सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही, आणि त्याचाच राग आता अधिक येतो आहे.

तेराव्या वर्षी मला कावळा शिवला, तेव्हा आईने कोपऱ्यात गोणपाट अंथरले, तांब्या वेगळा काढला आणि लोणच्याच्या बरणीकडे फिरकू नकोस असे बजावले. देहाविषयीचे माझे शिक्षण तेवढ्यावर संपले.

आक्वेसास्नेतील त्या संस्काराला 'ओहेरोकोन' म्हणतात, म्हणजे कणसाच्या पाल्याखाली. दाणा भरेपर्यंत पाला कणसाला झाकतो, तसे मावश्या आणि मामा (तिथे कूळ आईकडून येते, हे काकांना कोण सांगणार!) काही महिने मुलामुलींना जवळ घेऊन पाळी, लैंगिक संबंध, व्यसने, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या देहाचा मान, हे सारे उघडपणे बोलतात आणि मगच उपवासाला रानात पाठवतात. माझ्यासोबत काम करणाऱ्या मोहॉक मैत्रिणीची भाची झोपडीत एकटी होती, तेव्हा मावश्या रात्रभर शेकोटी राखत होत्या. तेराव्या वर्षी मीही अशीच बाजूला बसले होते, ती भाचीही बाजूला बसली. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसेल, हे मी कबूल करते. माझ्यासाठी शेकोटी कोणी राखली नव्हती.

शिवाय हे शिक्षण कोणाकडून हिरावले गेले होते? कॅनडातील ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळेत, जी 1970 मध्ये बंद झाली, मुलांचे केस कापत, नावाऐवजी क्रमांक देत आणि मातृभाषेचा शब्द तोंडातून निघाला तर शिक्षा करत. पुढे कारखान्यांचे पीसीबी हे विषारी रसायन आक्वेसास्नेजवळच्या सेंट लॉरेन्स नदीत, तिथून माशांत उतरले, आणि हे विष आईच्या दुधातही आहे का, याचा शोध 1980 च्या दशकात कात्सी कुक या मोहॉक सुईणीने घ्यायला लावला. स्त्रीचा देह हेच माणसाचे पहिले पर्यावरण, असे त्या सांगतात. ज्यांच्या देहाची इतकी विटंबना झाली, त्यांना देहाचा आदर कसा शिकवावा हे आपण श्रीखंड खात सांगणार?

डॉक्टर हवाच, आणि परंपरेच्या आडून मुलींना दाबणारे कुठेही निघतात, तेही मान्य. पण काकांच्या लेकीला पहिल्यांदा कोणी काय सांगितले, ते त्यांना ठाऊक तरी आहे का?

घरी येऊन रागातच सांगलीला आईला फोन लावला आणि त्या गोणपाटाचे बोलले. ती क्षणभर थांबली. "तुला टोचू नये म्हणून वर माझे जुने पातळ घातले होते," म्हणाली, "मला तर तेवढेही कोणी घातले नव्हते."

मला पातळ आठवत नाही. गोणपाटच आठवते.