मतदान यंत्रे घेताय? मग एवढे सांभाळा

यंत्रे आणायचे ठरले की आधी खरेदी उरका, तपासणीचे नंतर बघू. आधी तपासणी केली आणि काही निघाले, तर खरेदीच अडते. हजारो यंत्रे गोदामात येऊन पडली, की तपासणाऱ्यालाही आपसूक समज येते.

प्रयोगशाळा कंपनीलाच निवडू द्या, बिलही तिलाच भरू द्या. अहवाल गोपनीय, प्रमाणपत्र मात्र दर्शनी भिंतीवर. प्रमाणपत्र मिळाल्यावर, मतदानाच्या आठवडाभर आधी, सॉफ्टवेअरमध्ये एक ‘किरकोळ दुरुस्ती’ चढवा. एखादा चिकट माणूस म्हणेल, यंत्रातल्या सॉफ्टवेअरचा हॅश (एक अक्षर बदलले तरी बदलणारा ओळख-आकडा) प्रमाणित आवृत्तीशी जुळवून दाखवा. दाखवा की! फक्त तो यंत्रालाच विचारा. फेरफार केलेले यंत्रही जुना आकडा घडाघडा म्हणून दाखवू शकते. चिप बाहेर काढून वेगळ्या उपकरणावर वाचायचा हट्ट धरला, तर वॉरंटी जाईल म्हणून सांगा.

सोर्स कोड, सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे व्यापारी गुपित. स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याने 2019 मध्ये आपल्या इंटरनेट मतदानाचा कोड तपासायला खुला केला. काही आठवड्यांतच संशोधकांना असे भोक सापडले, की आतल्या माणसाला मते बदलूनही ‘सगळे बरोबर’ असा गणिती पुरावा हजर करता आला असता. झाकून ठेवला असता तर भोकही राहिले असते आणि अब्रूही.

आमचे यंत्र मते मोजण्यापलीकडे काही करूच शकत नाही, असे मात्र छातीठोकपणे सांगू नका. नेदरलँड्समध्ये 2006 मध्ये कार्यकर्त्यांनी तिथल्या मतदान यंत्राला चक्क बुद्धिबळ खेळायला लावले होते.

आता कागद. मत दिल्यावर चिठ्ठी छापली जाऊ द्या, लोकांना बरे वाटते. मोजायच्या भानगडीत मात्र पडू नका. वेळ नाही, माणसे नाहीत, असे म्हणा. अडचण अशी, की ज्यांना गणित येते ते ऐकत नाहीत. पहिल्या दोघांत 10 टक्क्यांचे अंतर असेल आणि प्रत्येक कागद यंत्रातल्या त्याच मताच्या नोंदीशी ताडता येत असेल, तर एकही चूक न निघाल्यास, नशिबावर सोडून उचललेल्या साठ-पासष्ट कागदांत काम भागते. मग निकाल चुकीचा असूनही निसटण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या वर जात नाही. अंतर 1 टक्का असेल तर सव्वासहाशेच्या आसपास. एकूण मते लाख आहेत की कोटी, याने फारसा फरक पडत नाही. हे हिशेब बाहेर फुटू देऊ नका.

मोजणी टळतच नसेल, तर कुठले कागद काढायचे हे तुम्हीच ठरवा, तेही दोन दिवस आधी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून आकडे काढतात आणि त्यांवरून कागद निवडतात. पुढे कुठला कागद निघणार हे कोणालाच ठाऊक नसते, खुद्द अधिकाऱ्यालाही! असला बेशिस्तपणा काय कामाचा?

दुसरी स्वतंत्र नोंद ठेवली की काय होते, ते बेल्जियममधल्या स्कारबेकला विचारा. 2003 मध्ये तिथे एका उमेदवाराच्या खात्यात 4096 मते जास्त निघाली. 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या स्मृतीतला एकच बिट (शून्य किंवा एक असा अंक) शून्याचा एक झाला, की एवढीच भर पडते. पक्षाच्या यादीला मिळालेल्या मतांच्या मानाने त्या उमेदवाराची मते अशक्य वाटली म्हणून शंका आली. मते नोंदलेली मतदारांची चुंबकीय कार्डे पुन्हा वाचली आणि फरक उघडा पडला. हीच चूक 64 मतांची असती तर कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

निरीक्षक स्वतंत्रच नेमा, पण त्यांची बदली तुमच्या हातात असू द्या. सीलचे क्रमांक नोंदवहीत सुवाच्य लिहा. उघडताना ते जुळवायचे कोणी, हे परिपत्रकात लिहू नका.

आणि जर्मनीपासून दूर राहा. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये म्हटले, की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळता आले पाहिजेत. सामान्य नागरिकाला!

शेवटी करारात भंगाराचे एक कलम असू द्या. आयर्लंडने पाच कोटी युरोंहून अधिक खर्च केला. 2002 मध्ये तीन मतदारसंघांत यंत्रे वापरून पाहिली. 2004 मध्ये स्वतंत्र आयोगाने अचूकतेची खात्री देता येत नाही म्हटल्यावर ती गोदामात गेली. 2012 मध्ये साडेसात हजारांच्या आसपास यंत्रे भंगारात निघाली, सगळी मिळून सुमारे 70 हजार युरोंना. वाहतूक घेणाऱ्याकडे राहील, एवढे आधीच लिहून घ्या.