चाकांवरची नगरपालिका

घरात नळ सोडला की पाणी येतं आणि वापरून झालं की ते कुठेतरी जातं. कुठे जातं, याची चौकशी मी आयुष्यात कधी केली नव्हती. मग आम्ही ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढायचं घर. पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, सगळं आत. "घर बरोबर घेऊन फिरा, कशाची काळजी नाही," असं विकणारा म्हणाला होता. घर बरोबर आलं हे खरं. पण घरामागे जी अख्खी नगरपालिका राबत असते, ती मागेच राहिली आणि तिची सगळी खाती आम्हा तिघांत वाटली गेली. नवऱ्याकडे मलनिस्सारण आणि वाहतूक. माझ्याकडे पाणीपुरवठा, वीज आणि बांधकाम. सासूबाईंकडे तक्रार विभाग, म्हणजे तक्रारी त्याच करतात.

मलनिस्सारणापासूनच सुरुवात करते, कारण ट्रेलरवाल्यांच्या गप्पा फिरून फिरून तिथेच पोचतात, आणि नेमक्या जेवताना पोचतात. ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी करडी, तिच्यात मोरीचं आणि बेसिनचं पाणी. तिसरी काळी. तिच्यात काय असतं ते सांगायला नको. कॅम्पच्या जागेला ड्रेनेजची जोडणी असली की नवशिक्याला वाटतं, पाइप लावावा, काळ्या टाकीची झडप उघडी टाकावी, जे यायचं ते जात राहील. तसं होत नाही. पातळ तेवढं निघून जातं. घट्ट ते जागच्या जागी बसतं, वाळतं, त्यावर दुसऱ्या दिवशीचं चढतं आणि संडासाच्या बरोब्बर खाली एक सुळका उभा राहतो. जाणकार त्याला पिरॅमिड म्हणतात. इजिप्तमधले पिरॅमिड साडेचार हजार वर्षं उभे आहेत, आणि याचीही तयारी तशीच असते. म्हणून झडप बंद ठेवायची, दर खेपेला पाणी सढळ हाताने सोडायचं, टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची आणि मग एकदम मोकळी करायची. लोंढा सगळं घेऊन जातो. आधी काळी, मागून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो. झाल्यावर काळ्या टाकीत थोडं पाणी आणि औषध घालून ठेवायचं. ती कोरडी कधी सोडायची नाही. हातमोजे घालायचे हे नवऱ्याला सांगावं लागलं नाही. त्याने आपण होऊन कोपरापर्यंतचे आणले.

टाकी किती भरली हे दाखवायला आत दिव्यांचा एक फलक असतो. तो खोटं बोलतो. त्याचे सेन्सर टाकीच्या भिंतीत बसवलेले असतात आणि त्यांना कागदाचा एखादा तुकडा चिकटला की टाकी रिकामी असो नाहीतर काठोकाठ, फलक 'दोन-तृतीयांश' एवढंच सांगत राहतो. सासूबाई त्याच्याकडे बघतही नाहीत. पाणी सोडल्यावर खालून येणारा आवाज टाकी भरत जाते तसा बदलतो आणि त्यावरून त्या पातळी सांगतात. "अरे, आज उरक, उद्यावर नको टाकू," असा आतून हुकूम आला की नवरा निमूटपणे मोजे शोधायला लागतो. आजवर त्यांचा अंदाज चुकलेला नाही. याचं कौतुक चारचौघांत कसं करावं, हे मात्र मला अजून जमलेलं नाही.

माझ्या पाणीखात्यात फारसं नाट्य नाही. कॅम्पच्या नळाचा दाब कधी कधी भलताच असतो आणि ट्रेलरची आतली नळजोडणी नाजूक. म्हणून नळ आणि पाइप यांच्यामध्ये दाब ४०-५० पीएसआयवर, म्हणजे दर चौरस इंचाला तितक्या पौंडांवर, रोखणारा रेग्युलेटर लावायचा. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवायचा आणि मलनिस्सारण खात्याला त्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. खरं पाणी वरून येतं, त्याच्याकडे नंतर वळते.

वीजखातं म्हणजे रोजचं भारनियमन. जिथे १२० व्होल्टचा पुरवठा असतो, तिथे ३० अँपिअरच्या जोडणीतून जास्तीत जास्त ३,६०० वॅट मिळतात. आकडा ऐकायला भरघोस वाटतो. त्यातले साधारण दीड हजार एअर कंडिशनर खातो, तितकेच मायक्रोवेव्ह, आणि पाणी तापवणारी विजेची कांडी आपला वाटा मागतेच. तेवढ्यात कोणी केस वाळवायचं यंत्र लावलं की सगळीकडे अंधार आणि पाठोपाठ शांतता. त्या शांततेत तिघेही एकमेकांकडे बघतात. मी आता घरात फर्मान काढलंय, तापणारी उपकरणं एका वेळी एकच. सासूबाईंनी मायक्रोवेव्हच्या दारावर हात ठेवून "मी वापरू का?" असं मोठ्यांदा विचारायची पद्धत पाडली आहे. विचारताना सूर असा लावतात, की शेजारच्या तंबूतल्यांना वाटावं, सून त्यांना उपाशी ठेवते.

जोडणी नसलेल्या रानात मुक्काम पडला तर सगळी भिस्त बारा व्होल्टच्या बॅटरीवर. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे विकत घेतलेल्यातली अर्धी वीज नुसती बघायची. लिथियमची बॅटरी खोलवर वापरता येते. तिची किंमत ऐकल्यावर आपणच खोलवर जातो.

आता फ्रिज. हे प्रकरण मला आवडतं. पुष्कळ ट्रेलरांत अजूनही गॅसवर चालणारा फ्रिज असतो. आग लावायची आणि बर्फ मिळवायचा! १९२२ मध्ये स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधून काढला. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचा एक फेरा चालू असतो. उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, थंड होऊन द्रव होतो, हायड्रोजनमध्ये त्याची वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. कॉम्प्रेसर नाही, हलणारा भाग नाही. सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. म्हणून ट्रेलर तिरका उभा राहिला की द्रव नळ्यांत भलतीकडे साचतो, फेरा थांबतो आणि फार वेळ तसाच राहिला तर फ्रिज कायमचा बाद होतो.

त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम सपाटीचं. क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू समपातळीत आणायची, म्हणजे खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून त्यावर ट्रेलर चढवायचा. मग चाकांच्या पुढेमागे ठोकळे घट्ट बसवायचे. त्यानंतरच गाडी सोडायची आणि ट्रेलरला गाडीशी जोडणाऱ्या पुढच्या दांड्याचा जॅक फिरवून पुढची-मागची पातळी बघायची. चार कोपऱ्यांचे पाय सगळ्यात शेवटी उतरवायचे. ते डगमग थांबवण्यापुरते असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलं तर सांगाडा वाकतो. ठोकळ्यांआधी गाडी सोडणाऱ्यांचे ट्रेलर उताराकडे एकटेच निघालेले मी पाहिलेत. मालक मागून धावत असतो आणि दांडा हातांनी धरू बघतो. दीड-दोन टनांना हातांनी धरता येत नाही, हे त्याला माहीत असतं. तरी धावतो.

मी पातळी पाण्याच्या बुडबुड्यावर बघते, नवरा मोबाइलमध्ये बघतो. दोघांचं एकमत झालं की सासूबाई पलंगावर आडव्या होतात आणि "डोकं खाली जातंय" म्हणून उठतात. मग पुन्हा फळ्या.

वजनाचं गणित हे मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. मागे जड सामान कोंबून तो कमी केला, तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि ते हेलकावे वाढत जाऊन गाडीलाच फिरवतात. असं सुरू झालं की पाय आपोआप ब्रेककडे जातो, तिथे त्याला आवरायचं. स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवायचं यंत्र, असेल तर त्यावरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. जोडाखालच्या दोन साखळ्या एकमेकींवर फुलीत ओलांडून लावायच्या, म्हणजे जोड सुटला तर दांडा रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांच्या झोळीत पडतो. टाकीतलं पाणी हेही वजनच. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. आमच्याकडे निघण्याआधी एकेका डब्यावर सुनावणी होते. सासूबाईंची लोखंडी पेटी चाकांच्या किंचित पुढे, जमिनीलगत ठेवली जाते. ती मुळात कशाला आणायची, हा प्रश्न कामकाजातून वगळलेला आहे.

टायरबद्दल थोडक्यात सांगते, कारण ट्रेलरवाले त्यावर तासभर बोलतात आणि मुद्दा एवढाच असतो. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी कोरीच दिसते आणि आतून रबर मेलेलं असतं. बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षीच्या मोहात न पडता बदलून टाकायचे. हवा टायर थंड असताना भरायची. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. थांबाल तिथे चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन बघायचा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं, तर बेअरिंग नाहीतर ब्रेक काहीतरी सांगतोय.

आता बांधकाम. ट्रेलरचा खरा शत्रू पाऊस. अपघात एखाद्याच्याच नशिबी, गळती बहुतेकांच्या. छतावर झरोके, नळ्या, अँटेना, जिथे जिथे भोक पाडलंय तिथे सीलंटची, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणाची, पट्टी असते. ऊन आणि रस्त्यावरचे धक्के खाऊन तिला बारीक चिरा जातात. पाणी त्यातून शिरतं ते थेट खाली टपकेल तर बरं. ते भिंतीच्या पोटातून लांबचा प्रवास करतं, लाकूड कुजवतं, बाहेरच्या पत्र्याला फुगवटा आणतं आणि वर्षभराने भलत्याच कोपऱ्यात डाग होऊन प्रकटतं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी शिडी लावून वर चढायचं आणि प्रत्येक सांधा बोटाने चाचपायचा. आडव्या छतावर आपोआप पसरणारं सीलंट, उभ्या भिंतीवर न ओघळणारं. साधं सिलिकॉन लावायचं नाही, कारण त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. रबराच्या छतावर पेट्रोलियमचा क्लीनरही नको. मी वर असताना खाली सासूबाई शिडी धरून उभ्या असतात आणि ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "आमच्याकडे ही चढते. तो चढला तर उतरत नाही."

राहिला रिव्हर्स. एकोणिसाव्या शतकात गॉर्डन स्टेबल्स नावाचे नौदलातून निवृत्त झालेले एक स्कॉटिश डॉक्टर होते. त्यांनी 'वाँडरर' नावाचं चाकांवरचं घर बांधून घेतलं आणि १८८५ मध्ये दोन घोडे जुंपून इंग्लंडमधून उत्तरेला स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत नेलं. हौसेखातर चाकांवरच्या घरात फिरणाऱ्यांचे ते आद्यपुरुष. त्यांच्याबरोबर गाडीवान होता आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघायचा. हे वाचल्यापासून नवरा त्या नोकराची आठवण वारंवार काढतो. आमच्याकडे त्या जागी मी आहे आणि माझं काम मागे उभं राहण्याचं आहे.

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलरचं बूड डावीकडे जातं. बुद्धीला हे लगेच पटतं, हातांना पटत नाही. यावर एक साधी युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला धरायचा. मग हात जिकडे सरकवाल तिकडे ट्रेलर सरकतो. वळवणं थोडंथोडं, वेग मुंगीचा. ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन मुडपतो, त्यामुळे "छोटाच घेतला, सोपा जाईल" हा हिशेब इथे उलटा पडतो. शंका आली की थांबायचं, उतरायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. उतरण्यात कमीपणा नाही, हे नवऱ्याला मान्य आहे. फक्त कोणी बघत नसेल तेव्हा.

आणि कोणीतरी बघत असतंच. एरवी ओस वाटणाऱ्या कॅम्पमध्ये रिव्हर्सचा दिवा लागला की घडीच्या खुर्च्या आपसूक बाहेर येतात. कोणी मदतीला उठत नाही. सगळे डोळ्यांनी ट्रेलर ढकलत असतात. अशा वेळी मी "डावीकडे घे" म्हणायचे आणि तिकडून यायचं, "तुझ्या की माझ्या?" या प्रश्नावर संसार डळमळीत होतात. उपाय सोपा निघाला. डावं-उजवं हद्दपार. बूड कुठे न्यायचं ते जागेवरच्या खुणेने सांगायचं, "झाडाकडे", "नळाकडे", "खांबाकडे". ओरडायचंही नाही, फोन चालू ठेवून हळू बोलायचं, म्हणजे प्रेक्षकांना संवाद ऐकू जात नाहीत. आणि आरशात मला त्याचा चेहरा दिसेनासा झाला, की त्यालाही मी दिसत नाही. त्याने त्या क्षणी थांबायचं, मग पलीकडून कितीही लोक "येऊ द्या, येऊ द्या" करोत. "येऊ द्या" म्हणणाऱ्याचा ट्रेलर नसतो.

निघतानाची यादी आम्ही कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे. पाठ असली तरी मोठ्याने वाचायची, एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बघायचं. गॅस बंद. छताचे झरोके बंद. विजेची तार काढली. काळ्या टाकीची झडप बंद, टोपण घट्ट. कोपऱ्यांचे पाय वर. पायरी आत. साखळ्या, जोडाची खिट्टी, तुटला तर ब्रेक लावणारी तार, मागचे दिवे. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, आणि सासूबाईंना निघायच्या वेळी हटकून आत काहीतरी आवरायचं असतं. म्हणून काळ्या टाकीच्या ओळीखाली नवऱ्याने लिहिलं होतं, 'आई गाडीत बसली'.

सासूबाईंनी चष्मा लावून यादी वाचली. मग तक्रार विभागात पहिल्यांदाच लेखी अर्ज दाखल झाला. आता वरून पहिल्या त्या आहेत, झडप पाचवी. पेटीला वेगळी ओळ मिळावी, हा दुसरा अर्ज विचाराधीन आहे.