उताणं झोपले म्हणून रात्रभर रडले होते

गरोदरपणात कसं झोपावं यावरचा एक लेख वाचला. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपू नये, गर्भाशयाच्या भारानं मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, हे त्यात बरोबर लिहिलंय. पण झोपेत आपोआप उताणं झालं तर काय, हे एका ओळीत तरी सांगायचं की! अर्धवट वाचून बायका धास्ती घेतात, मी घेतली होती.

आठव्या महिन्यात माहेरी कोल्हापूरला होते. पहाटे तीनला जाग आली ती उताणीच. पाठीला लावलेला लोड पार कॉटखाली. पोट धरून रडत बसले. आई म्हणाली, "अगं लाथा मारतंय की, हात लाव!" तरी पटेना. सकाळी राजारामपुरीत डॉक्टरबाईंकडं गेले तर त्या हसल्याच. झोपताना कुशीवर झोपायचं, डावी असो की उजवी. जाग आली की परत कुशीवर वळायचं, बास. घाबरायचं ते बाळाची हालचाल कमी वाटली तर. तेव्हा मात्र उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आमच्याकडं नेमकं उलटं, तेव्हाच "गोड खा, हलेल" म्हणून थांबवून ठेवतात.